घरी केलेला सर्किट बोर्ड दर पावसाळ्यात का कळकतो?

विहिरीवरच्या पंपाचा पाणीपातळी कंट्रोलर, ठिबकच्या व्हॉल्व्हचा टायमर, गोठ्यातल्या दिव्याचा सेन्सर. बोर्ड घरी फेरिक क्लोराइडमध्ये (नको ते तांबं विरघळवणाऱ्या रसायनात) काढलेला, वर दोन हात वार्निश, बाहेर प्लास्टिकचा डबा, झाकणाला रबर. उन्हाळाभर काम चोख. मृगाचा पाऊस सुरू होतो आणि गणपती येईपर्यंत रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आपोआप टकटकू लागतो, टाकी रिकामी असताना 'भरली' दाखवते, नाहीतर बोर्ड मुकाच होतो. डबा उघडला की वार्निशच्या आत हिरवं. बोर्ड बदलायचा, पुन्हा वार्निश मारायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे दरवर्षी होतं याचं कारण बहुतेक वेळा वार्निशच्या खाली असतं. बोर्ड करताना वापरलेली क्षारं तांब्यावर राहून जातात आणि वार्निश त्यांना आत कोंडून ठेवतं. कुठलंही वार्निश वाफ पूर्णपणे अडवत नाही. ओल हळूहळू आत जाते, क्षार ती ओढून धरतो, आणि वर १२ व्होल्ट उभे असले की तांबं विरघळायला लागतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी धुणं, मग कल्हई, मग वार्निश, आणि शेवटी डबा. वार्निश कितीही भारी आणलं तरी पहिली पायरी चुकली की पैसे वाया.

खराब बोर्ड फेकण्याआधी नीट बघा

दिवसाच्या उजेडात भिंग घेऊन बसा. कुठे काय रंग आहे त्यावरून कारण सापडतं.

हिरवा-निळा थर फक्त प्लसच्या ट्रॅकवर (तांब्याच्या पट्टीवर) असेल आणि शेजारचा ग्राउंड जवळजवळ स्वच्छ असेल, तर विजेमुळे तांबं विरघळतंय. प्लसकडून सुटलेले तांब्याचे आयन मायनसकडे जाऊन बसतात आणि तिथून नेच्याच्या पानासारखी बारीक काळपट नक्षी उलट प्लसच्या दिशेने वाढत येते. दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत, विशेषतः आयसीच्या पायांमध्ये, ती शोधा. रिले वेड्यासारखा टकटकण्यामागे बऱ्याचदा ही नक्षी असते.

सगळीकडे सारखाच हिरवेपणा असेल, प्लस-मायनसचा भेद दिसत नसेल, तर बोर्ड धुतला गेलेला नाही. फेरिक क्लोराइड किंवा सोल्डरिंग पेस्ट राहिली आहे.

सोल्डरच्या टिपक्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाची आहे. फ्लक्समधलं, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून लावलेल्या द्रव्यातलं, क्लोराइड शिशाला धरतं. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून त्याचं लेड कार्बोनेट करतात आणि क्लोराइड मोकळं होऊन पुढच्या शिशाला लागतं. त्यामुळे एवढासा डागही वाढतच राहतो. ही भुकटी फुंकरीने उडवू नका. ओल्या कापसाने पुसा आणि हात धुवा.

तांबं काळं पडलं असेल तर आसपास गंधक आहे: गोबरगॅस, गटार, शेणाचा खड्डा. द्राक्षबागेत भुरीवर गंधकाची धुरळणी होत असेल तर तिथेही हेच घडतं.

एक हिरवा रंग मात्र निरुपद्रवी असतो. साध्या राळेच्या फ्लक्समध्ये, टिपक्याभोवती काचेसारखा पारदर्शक आणि कोरडा हिरवट थर दिसतो. राळेतलं आम्ल आणि तांबं यांचा तो संयुग असतो, तिथल्या तिथे राहतो. नखाने खरवडल्यावर कोरडा तुकडा उडाला तर काळजी नको. बोटाला चिकट किंवा ओलसर लागलं तर काळजी करा.

वाफेची चाचणी

बोर्ड स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, मल्टिमीटरला कळतं. त्यासाठी प्रत्येक बोर्डाच्या एका कोपऱ्यात, सर्किटशी न जोडलेला, एक तांब्याचा कंगवा काढून ठेवा: दोन ट्रॅक, दात एकमेकांत गुंतलेले, मधलं अंतर अर्धा मिलिमीटर, समोरासमोर येणारी एकूण लांबी पाचेक सेंटिमीटर. दोन्ही टोकांना एकेक पॅड. कंगव्यालाही बाकी बोर्डासारखंच सगळं लागू द्या: तेच एचिंग (फेरिक क्लोराइडमधलं काम), तेच फ्लक्स, तीच धुलाई.

आता मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर ठेवा, प्रोब पॅडवर टेकवा आणि चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी गरम वाफ तोंडाने कंगव्यावर सोडा. स्वच्छ ग्लास इपॉक्सी बोर्डावर आकडा क्षणभर दिसतो आणि काही सेकंदांत मीटर परत 'ओपन'वर जातं. मळलेल्या बोर्डावर तो काहीशे किलोओहमपर्यंत कोसळतो आणि तिथेच रेंगाळतो. रेंगाळला की वार्निशचा डबा बंद ठेवा आणि पुन्हा धुवायला घ्या. बोटं पॅडला लागू देऊ नका, नाहीतर तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स मोजला जाईल.

धुणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

फेरिक क्लोराइड हवेतली ओल स्वतःहून ओढून घेतं. नळाखाली नुसता धरलेला बोर्ड स्वच्छ दिसतो, पण ट्रॅकच्या कडेला आणि भोकांत ते राहतं. एचिंगनंतर लगेच, तांबं वाळू न देता, असं करा:

१. वाहत्या पाण्याखाली मऊ टूथब्रशने दोन मिनिटं, दोन्ही बाजू आणि चारही कडा.

२. अर्धा लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घालून त्यात एक मिनिट बुडवा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि थेट खाण्याचा सोडा टाकतात. तसं केलं की उरलेलं लोह तपकिरी चिखलासारखं बोर्डावरच बसतं. सायट्रिक ॲसिड लोहाला पाण्यात विरघळलेलं ठेवतं.

३. पुन्हा पाणी, मग एक लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, पाच मिनिटं, ब्रशने घासत. आम्ल यात मरतं.

४. भरपूर पाणी, आणि शेवटची दोन बुडवणं डिस्टिल्ड पाण्यात. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते 'बॅटरीचं पाणी' चालतं. बाटली वाचून घ्या, शेजारी ॲसिडचीही बाटली असते. बोअरच्या पाण्याने शेवटचं धुणं करू नका, त्यातले क्षार वाळून बोर्डावरच राहतात.

वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत किंवा बांधावर ओतायचं नाही. त्यात तांबं विरघळलेलं असतं, मातीला आणि मासळीला ते घातक आहे. प्लास्टिकच्या बाटलीत साठवा.

टोनर किंवा मार्करची शाई सोल्डरिंगला बसेपर्यंत तशीच ठेवा. तोवर ती तांब्याचं रक्षण करते. मग थिनरने काढा. टोनरवर मारलेलं वार्निश सालीसारखं सुटतं.

दुसरी धुलाई सोल्डरिंगनंतरची. दुकानात गोल डबीत मिळणारी पिवळी सोल्डरिंग पेस्ट हा छुपा शत्रू आहे. अशा अनेक पेस्टांमध्ये ग्रीसमध्ये झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइड कालवलेलं असतं. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला भांड्यावर भुरभुरतो तोच. तो तांब्यावरचा मळ झटक्यात काढतो हे खरं, पण कल्हईनंतर भांडं धुतलं जातं. बोर्डावर ती पेस्ट आयसीच्या पोटाखाली वर्षानुवर्षं बसून राहते. डबीवर राळ किंवा रोझिन असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती पेस्ट बोर्डाला लावू नका. लागलीच असेल तर आधी कोमट साबणाचं पाणी आणि ब्रश, मग डिस्टिल्ड पाणी, आणि त्यानंतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). ग्रीस आयपीएमध्ये नीट विरघळत नाही, म्हणून साबण आधी. रिले, बझर आणि प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) यांच्या आत पाणी गेलं तर निघत नाही. हे भाग धुलाई झाल्यावर लावा.

राळेच्या फ्लक्ससाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. तळहाताएवढ्या बोर्डाला ३० मिलीलिटर घ्या, पण दोन भागांत: पहिल्या भागात घासून ते टाकून द्या, दुसऱ्या ताज्या भागाने खळखळून काढा. एकाच वाटीत घासत राहिलं तर राळ पातळ होऊन सगळ्या बोर्डावर पसरते. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरिन असतं. 'नो-क्लीन' फ्लक्सही धुवा. घरच्या सोल्डरिंग आयर्नने तो पूर्ण तापत नाही आणि अर्धवट तापलेला भाग ओलीत जागा होतो.

कल्हई

तांब्या-पितळेच्या भांड्यांत अन्न कळकू नये म्हणून आतून कल्हई करतात. बोर्डावरचं पातळ तांबंही ओलीत उघडं टिकत नाही. बोर्डालाही तेच. सगळ्या ट्रॅकवर ६०/४० सोल्डरचा पातळ थर चढवा: ट्रॅकवर राळेचा फ्लक्स, डिसोल्डरिंगच्या वेणीला (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या पट्टीला) थोडं सोल्डर पाजा आणि सोल्डरिंग आयर्नखाली वेणी हळूहळू ओढत न्या. थर आरशासारखा पातळ बसतो. एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात तर तांबं बोर्डापासून सुटतं. भोकांभोवतीचे पॅड आणि ट्रॅकच्या कडा सुटू देऊ नका, खाणं कडेपासूनच सुरू होतं. गंधकाच्या जागी तर कल्हई हवीच, कारण गंधक तांब्याइतक्या सहज कथलाला लागत नाही.

बोर्ड स्वतः ग्लास इपॉक्सीचा, १.६ मिलिमीटर जाडीचा घ्या. तपकिरी पेपर फिनॉलिक स्वस्त असतो, हाताने कापता येतो, पण कागदच तो. कडेतून आणि भोकांतून ओल पितो. घराबाहेरच्या कामाला तो वापरू नये, वार्निश मारूनही नाही.

ट्रॅकची मांडणी आणि व्होल्टेज

१२ व्होल्टचा ट्रॅक आणि ग्राउंड यांच्यात जागा असेल तिथे दोन मिलिमीटर ठेवा. आयसीच्या पायांमध्ये ते जमत नाही, तिथे वार्निश जाड. मेगाओहमचे रेझिस्टर असलेले बिंदू ओलीला सगळ्यात आधी बळी पडतात. टाकीच्या प्रोबची इनपुट दहा मेगाओहमऐवजी शंभर किलोओहमवर चालत असेल तर तशीच ठेवा.

पाण्यातल्या प्रोबवर सतत डीसी ठेवू नका. प्लसचा प्रोब विरघळतो, स्टीलचा असला तरी. मायक्रोकंट्रोलर असेल तर प्रोबची दोन टोकं दोन पिनांना जोडा, मध्ये १० किलोओहम, आणि पाच मिलिसेकंद एका दिशेने, पाच उलट्या दिशेने व्होल्टेज द्या. मिनिटाला एकदा पुरे, मधल्या वेळात दोन्ही पिना शून्यावर. मातीतल्या ओलाव्याच्या दोन काट्यांच्या सेन्सरलाही हाच नियम, नाहीतर काही आठवड्यांत प्लसचा काटा नुसता हिरवट पट्टा उरतो.

२३० व्होल्टचा भाग त्याच बोर्डावर असेल तर त्याच्या आणि कमी व्होल्टेजच्या भागामध्ये किमान आठ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा आणि मध्ये करवतीने फट पाडा. ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारी सर्किटं ओल्या जागेत लावूच नका. त्यात प्रोबच्या वायरला, म्हणजे पाण्याला, फेज लागू शकते.

वार्निश

आधी बोर्ड वाळवा. पावसाळ्यात नुसतं ठेवून तो वाळत नाही. ६० ते ७० अंशांवर एक-दोन तास हवेत: छोटा ओव्हन, नाहीतर १०० वॅटच्या पिवळ्या बल्बखाली पत्र्याच्या डब्यात. बोर्ड हाताला कोमट असतानाच फवारणी करा. दमट हवेत थंड बोर्डावर फवारलं की उडणारं द्रावण पृष्ठभाग गार करतं, त्यावर दव धरतं आणि वार्निशमध्ये पांढुरकी झाक उतरते. ती झाक म्हणजे आत कोंडलेलं पाणी.

घरी वापरायला ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डासाठीच्या वार्निशचा) स्प्रे सगळ्यात सोयीचा, कारण दुरुस्तीच्या वेळी थिनरने निघतो. २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, पातळ तीन हात, दर हाताला बोर्ड ९० अंश फिरवून, मध्ये १५ ते २० मिनिटं. वाळल्यावर एकूण जाडी ३० ते १३० मायक्रॉन चालते, साधारण केसाइतकी. जाड एकच हात मारला तर आत बुडबुडे राहतात. घटकांच्या टोकदार पायांवरून वार्निश ओघळून पातळ होतं, म्हणून पाय आधी छाटा, टिपका पुन्हा तापवून गोल करा आणि त्या जागी शेवटी ब्रशने एक टिपूस द्या. बोर्डाच्या कडा ब्रशनेच. बऱ्याच कोटिंगमध्ये चमकणारा रंग असतो. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारा, सुटलेल्या जागा काळ्या दिसतील. खिडक्या उघड्या, ज्योत लांब. सिलिकॉन कोटिंग उष्णतेला चांगलं, पण एकदा लावलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

कनेक्टर, बटण, प्रीसेट, बझर, उघड्या डब्याचा रिले, आर्द्रतेचा सेन्सर आणि कंगव्याचे दोन्ही पॅड कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या टेपने) झाका. रिले शक्यतो सीलबंदच घ्या. आयसीचं सॉकेट टाळा. पाय आणि पत्तीमधली जागा कधीच झाकली जात नाही.

तालुक्याच्या गावात कन्फॉर्मल कोटिंग मिळत नाही, पण मोटार रिवायंडिंगवाल्याकडे इन्सुलेटिंग वार्निश असतं. ते चालतं, फक्त हवेत वाळणारंच मागा. भट्टीत तापवून पक्कं होणारं घेतलंत तर ते बोर्डावर महिनोन्महिने चिकट राहील, धूळ धरेल.

नेलपॉलिश दोन-चार महिन्यांत तडकतं. ग्लू गनचा गोळा कडेने सुटतो आणि त्या फटीत पाणी साचून राहतं, म्हणजे उघड्या बोर्डापेक्षा वाईट. बाथरूमसाठीचं सिलिकॉन हुंगून बघा: व्हिनेगरसारखा वास आला तर त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर घ्या, त्यातही अल्कॉक्सी प्रकार मिळाला तर उत्तम. इपॉक्सीमध्ये पूर्ण बुडवणं हा टिकाऊ उपाय आहे, पण दुरुस्ती संपली, आणि आत मळ असेल तर तोही कायमचा.

डबा श्वास घेतो

रबर लावून घट्ट बंद केलेल्या डब्यात पाणी कसं जातं, याचं उत्तर तापमानात आहे. पत्र्याशेजारी उन्हात डब्यातली हवा ५५ अंशांवर जाते. दुपारी सर आली आणि ती झटकन २५ वर उतरली की हवा सुमारे नऊ टक्के आकसते. एक लिटरच्या डब्यात हे जवळपास ९० मिलीलिटर झालं. डबा खरोखरच हवाबंद असेल तर आतली ओढ सुमारे ९० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकी होते, आणि नेमकी त्या वेळी झाकणाच्या फटीवर पावसाचं पाणी उभं असतं. ग्लँडमधून (वायर आत घ्यायच्या तोंडातून), स्क्रूच्या भोकातून, इतकंच काय वायरच्या तारांमधूनही ते आत ओढलं जातं. आयपी ६५ चा शिक्का फवाऱ्याच्या पाण्यासाठी आहे, या ओढीसाठी नाही.

म्हणून डब्याला श्वास घ्यायला वाट द्या. तळाला चार-पाच मिलिमीटरची दोन भोकं, आतून स्टीलची बारीक जाळी; मुंग्या आणि पाली आत आल्या की वेगळाच घोळ. पाणी अडवून हवा सोडणारा व्हेंट प्लग मिळाला तर आणखी चांगलं. सगळ्या वायरी तळातून आत घ्या आणि डब्याखाली यू आकाराचा झोल सोडा, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. तारांची बहुतारी वायर असेल तर आत येते तिथे सेंटिमीटरभर सोलून तारांत सोल्डर भरा. विहिरीतल्या प्रोबच्या वायरमधून पाणी इन्सुलेशनच्या आतून मीटरभरही चढतं. बोर्ड उभा, भिंतीपासून दहा मिलिमीटर पुढे, कनेक्टर खालच्या कडेला. डबा फिकट रंगाचा, सावलीत.

आता दवाचं बघू. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना बंद केलेल्या डब्यात २६ अंशांवरच पाणी धरतं, म्हणजे पावसाळ्यातल्या बहुतेक रात्री. वीज जोडणी कायम असेल तर बोर्डाखाली १२ व्होल्टवर १५० ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर लावा. तो जवळपास एक वॅट उष्णता देतो आणि बोर्ड आजूबाजूपेक्षा काही अंश गरम राहतो. ८० मिलिअँपिअर लागतात, म्हणून सोलर-बॅटरीवर हे परवडत नाही. सिलिका जेल फक्त खरोखर बंद डब्यात उपयोगी. श्वास घेणाऱ्या डब्यात ते काही दिवसांत भरून जातं.

किनाऱ्यावर, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, आणखी एक भर पडते. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला ओलं होतं, पण समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. म्हणजे पाऊस नसतानाही मिठाची धूळ बसलेला बोर्ड ओलाच. तिथे तळाच्या उघड्या भोकांऐवजी व्हेंट प्लगच लावा आणि कनेक्टरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस भरा. व्हॅसलिन उन्हाने पातळ होऊन निथळतं. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये पितळी स्क्रू, वायरच्या टोकाला कल्हईची पिन लग.

हिरवा पडलेला बोर्ड वाचवायचा असेल तर

वीज तोडा, मोठे कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करा. जुनं वार्निश थिनरने काढा, त्याच्यावरच नवं चढवू नका. हिरव्या जागेवर पांढऱ्या व्हिनेगरचा कापूस मिनिटभर, ब्रश, मग सोड्याचं पाणी, मग डिस्टिल्ड, मग आयपीए, मग वाळवणं. ट्रॅक एकेक करून मीटरने तपासा. तुटलेल्या ट्रॅकवर सोल्डरचा ढीग घालण्यापेक्षा कल्हईची तार टाका. वायरचं टोक सोलल्यावर तांबं काळं निघालं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, काळ्यावर सोल्डर धरत नाही. आयसीच्या पोटाखाली हिरवं शिरलं असेल तर आयसी काढावाच लागतो.

नवा बोर्ड बसवल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात एकदा डबा उघडा. वीज बंद करून कंगव्यावर मीटर लावा आणि वाफ सोडा. वार्निशखाली मीटर जराही हलता कामा नये. हललं तर त्याच आठवड्यात बोर्ड उतरवून धुवा, कारण तेव्हा ट्रॅक अजून शाबूत असतात.